कॅमेऱ्याकडे बघायचं नाही

१

शूटिंग चालू असताना कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

हा नियम फक्त आपल्याच घरात आहे, हे धाकटीला शाळेत जायला लागल्यावर कळलं. दुसऱ्यांकडे मोठी माणसं घसा कोरडा करून ओरडायची, "इकडे बघ! अगं इकडे! हस की जरा!" यांच्याकडे कपाटातून कॅमेरा निघाला की आई दादाच्या आणि तिच्या कानाशी लागायची. "आता माना खाली. आपापलं खेळा." पाच वर्षांची असताना धाकटीनं एकदा मान वर करायला सुरुवात केली, तर ती पुरती वर व्हायच्या आत मोठ्या आत्याची थोबाडीत बसली होती.

"नैसर्गिक दिसतं गं तसं," बाबांनी नंतर समजूत काढली. "कॅमेऱ्याकडे बघितलं की माणूस बाहुल्यासारखा दिसतो."

आता ती चोवीस वर्षांची होती. पदवी घेऊन दोन वर्षं एका संग्रहालयात नोकरी करत होती, आणि तिथलं कामच मुळी जुन्या फिती कॉम्प्युटरवर घेण्याचं होतं. 'का' हा शब्द तिच्या जिभेवरच बसलेला असायचा. घरातल्या मोठ्यांकडे त्यावर दोन ठरलेली उत्तरं होती. एक, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि दुसरं, "आधी जेवून घे."

परगावी राहणारा दादा बायको-मुलीला घेऊन येणार होता. त्याच्या मुलीचा, पिटुकलीचा, पाचवा वाढदिवस या घरात करायचा असं मोठ्या आत्यानं ठरवलं होतं. मोठी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, इथेच राहिली, आणि तिनं ठरवलं की घरात ते ठरलं. बाबांनी माळ्यावरून कॅसेटचं खोकं काढून धाकटीपुढे ठेवलं. छोट्या, कॅमेऱ्यात घालायच्या कॅसेट. सव्वीस. प्रत्येकीवर नंबर.

"बुरशी लागायला लागलीय. वाढदिवसाच्या आत होईल ना?"

"बुरशी बघून सांगते. कॅमेरा कुठंय? त्यातूनच चालवता येतील."

"कॅमेरा माझ्याकडे आहे," आत्या दारातून म्हणाली. "तो तुला लागणार नाही. तुझ्या ऑफिसातून मशीन आण. आणि एक. कार्यक्रम संपला की बंद करायचं. पुढे कॅसेट कोरी असते, उगाच मशीन झिजवू नकोस."

"झिजलं तर ऑफिसचं झिजेल."

"तुला काय कळतंय त्यातलं," आत्या म्हणाली.

२

मागच्या खोलीत तिनं टेबल लावलं. ऑफिसातून आणलेलं मशीन, त्यातून कॉम्प्युटरला वायर, कापूस, स्पिरिट. या कामाला घाई चालत नाही. तासाची कॅसेट तासभरच चालते. आणि मधेच चित्र फाटलं तर थांबवून, मशीनचं फीत वाचणारं हेड पुसून पुन्हा लावावी लागते, म्हणून समोरून हलताही येत नाही. ऑफिसातून आल्यावर संध्याकाळी एक आणि सुट्टीच्या दिवशी चार, असा हिशोब तिनं बांधला. एक नंबरची कॅसेट सगळ्यात वाईट होती, पांढऱ्या बुरशीनं कडा माखल्या होत्या. ती पुसून सुकायला ठेवली आणि दोन नंबरपासून सुरुवात केली.

ऑफिसात करायची तसाच तक्ता घरीही केला. नंबर, तारीख, प्रसंग, कोण कोण दिसतं. शेवटचा रकाना, शूट कोणी केलं.

पहिले दोन दिवस तिला हसू आवरेना. दादा दोन वर्षांचा, गालाला केक फासलेला. आजोबा खुर्चीत बसल्या बसल्या पेंगताहेत. आजी त्यांना कोपरानं ढोसतेय. बाबांना डोकंभर केस! आई केवढी बारीक. आणि सगळे कसे ठरवून इकडेतिकडे बघताहेत. वाढदिवसाची मेणबत्ती विझवताना टाळ्यासुद्धा जमिनीकडे बघून.

शेवटचा रकाना भरताना ती अडली.

बाबा चित्रात होते. आई होती. आत्या होती, आजी होती, आजोबा होते. दादा होता. घरातली सगळी माणसं टेबलाभोवती बसलेली होती.

"बाबा, दोन नंबरचं शूटिंग कोणी केलं?"

बाबा वर्तमानपत्राच्या मागून म्हणाले, "शेजारचा कोणीतरी असेल. आता कुठे लक्षात राहतंय?"

तिनं 'शेजारी' असं लिहिलं. तीन नंबरला 'शेजारी?' असं लिहिलं. चार नंबर हा एका साध्या रविवारचा होता. पाऊस नाही, पाहुणा नाही, कार्यक्रम नाही. आई कपड्यांच्या घड्या घालतेय, एवढंच. पंचवीस मिनिटं. रविवारी दुपारी कुठला शेजारी येऊन दुसऱ्याच्या बायकोला पंचवीस मिनिटं घड्या घालताना टिपत बसेल?

स्टँडवर ठेवला असेल कॅमेरा, असं तिनं स्वतःला सांगितलं. अगदी पटलंही. तेवढ्यात आई घड्यांची चळत घेऊन उठली, आणि चित्रही उठून तिच्या मागे मागे आतल्या खोलीत गेलं.

३

"आपल्याकडे शूटिंग कोण करायचं रे?" तिनं दादाला फोन करून विचारलं.

"बाबा. अजून कोण?"

"बाबा तुझ्या शेजारी बसलेत. केक भरवताहेत तुला."

"मग आजोबा."

"घोरताहेत."

"म्हणजे... कोणीतरी असायचंच ना. चालू असायचा कॅमेरा. आपण बघायचो नाही, त्यामुळे..."

"त्यामुळे काय?"

"त्यामुळे मला माहीत नाही," दादा म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून हसला. "ए बाई, संध्याकाळी एकटी बसून ते लावू नकोस. डोकं फिरेल तुझं. आणि ऐक, पिटुकलीला आत्तापासून 'आतू, आतू' सुरू झालंय. तिच्यासाठी रंग आणून ठेव."

तिनं फोन ठेवला. तिलाही तेच आठवत होतं. चालू असलेला कॅमेरा. त्याचा बारीक कुर्र आवाज, कधी पाठीमागे, कधी अगदी कानाशी. आणि तो धरणारं माणूस आठवायला गेलं की आपल्याच पायांची बोटं दिसत. चोवीस वर्षांत तिनं एकदाही वर बघितलेलं नव्हतं. बंडखोर म्हणून घरात नाव काढलेली ती, आणि या एका गोष्टीत गायीसारखी मान खाली घालून उभी राहिली होती. तिला स्वतःचाच संताप आला.

४

दहाव्या कॅसेटपाशी तिला दुसरी गोष्ट दिसली. जेवणाच्या टेबलाची खालची बाजू. एकदा दिसली म्हटल्यावर प्रत्येक कॅसेटमध्ये दिसायला लागली. आईची हनुवटी नेहमी खालून. दाराची कडी वर, फार वर.

रविवारी दुपारी घरातले सगळे आडवे झाल्यावर ती मोबाईल घेऊन बाहेरच्या खोलीत गेली. टेबल तेच होतं, तिथेच होतं. कॅसेटमधलं चित्र मोबाईलच्या चित्राशी जुळेपर्यंत ती वाकत गेली. वाकून जमेना, तेव्हा गुडघ्यांवर बसली. जुळलं. दाराच्या चौकटीवर त्या उंचीला तिनं पेन्सिलीनं रेघ मारली. जमिनीपासून पावणेतीन फूट.

मग तिनं तेरा नंबर ताडून बघितली, वीस बघितली, दादाच्या लग्नानंतर घरी झालेल्या जेवणाची सव्वीस नंबरही बघितली. पहिल्या आणि शेवटच्या कॅसेटमध्ये तेवीस वर्षांचं अंतर होतं. रेघ तीच.

फरक एकच होता. सव्वीस नंबरमध्ये चित्र थरथरत होतं. सारखं खाली जात होतं. निम्मा वेळ नुसती फरशी, माणसांचे पाय, आणि आवाजात कॅमेऱ्याच्या अगदी जवळ धाप. मधूनच चित्र कसंबसं वर उचललं जाई, गर्दीत आईला शोधून काढी, आणि तिच्यावर थांबे. आई जमिनीकडे बघत पाहुण्यांना वाढत होती.

तक्त्यात 'शेरा' असा एक जादा रकाना करून तिनं लिहिलं: आईचे क्लोजअप फार.

बुधवारी दादा-वहिनी आले. पिटुकली चप्पल न काढताच घरभर पळाली आणि बाहेरच्या खोलीच्या चौकटीपाशी थबकली.

"आतू, ही माझी उंची लिहिलीस?"

"नाही गं. इकडे ये."

पण ती पाठ टेकून, ताठ होऊन उभी राहिलीसुद्धा. रेघ तिच्या छातीशी आली. दोन्ही हातांनी एखादी वस्तू धरायची, तर पोर जिथे धरेल तिथे.

"छोटी आहे ही रेघ," पिटुकली नाराज होऊन म्हणाली.

आत्या मागून बघत होती. तिनं पदराचं टोक ओलं करून रेघ पुसून टाकली आणि धाकटीकडे न बघता म्हणाली, "पोरीला आधी जेवायला घाल."

५

शुक्रवारी दुपारी तिनं एक नंबर लावली. शनिवारी वाढदिवस होता. 'दादाचा पहिला वाढदिवस' असं लेबल. हेड तीनदा पुसावं लागलं. बावन्नाव्या मिनिटाला केक संपला, चित्र बंद झालं, निळा पडदा आला. कार्यक्रम संपला की बंद करायचं.

ऑफिसात तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं ते याच्या नेमकं उलटं. फीत शेवटच्या इंचापर्यंत चालू द्यायची. लोक जुन्यावर नवं घेतात, आणि नवं आधी संपलं तर शेवटी जुन्याचं शेपूट उरतं.

तिनं हात बांधले आणि बसून राहिली.

छप्पन्नाव्या मिनिटाला निळा पडदा फाटला.

हेच घर. बाहेरची खोली, भर दुपारचं ऊन. कोपऱ्यातली तारीख दादाच्या जन्माच्या चार महिने आधीची. चित्र उंचावरून, मोठ्या माणसाच्या खांद्यावरून घेतलेलं. मधे खुर्ची, खुर्चीत एक मुलगी. पाचेक वर्षांची. दोन वेण्या, एक मोजा घसरून घोट्याशी आलेला. तिच्या मागे आजी, आजोबा, आत्या आणि आई, चौघांच्या माना खाली.

धाकटीनं आयुष्यात या मुलीचा फोटो बघितलेला नव्हता. मुलीचं नाक आईचं होतं.

"आता बघू?" मुलगी म्हणाली.

"आता बघ," बाबांचा आवाज. तरुण, कॅमेऱ्याच्या मागून. "इकडे बघ, बाळा. इकडेच. डोळे हलवायचे नाहीत."

मुलीला हसू येत होतं. आत्यानं मान वर न करताच हात पुढे केला, चाचपडत तिची हनुवटी धरली आणि वर उचलली. मुलीनं सरळ बघितलं. सरळ धाकटीकडे. हळूहळू तिचं हसू गेलं. कोणी मागून हाक मारली की माणूस जसा कान देतो, तसा चेहरा झाला.

चित्रात आडव्या रेघा आल्या. तीन सेकंद. कोपऱ्यातला वेळ पळत राहिला. सात, आठ, नऊ, दहा. एकही आकडा गळला नाही.

रेघा गेल्या. खुर्ची रिकामी होती.

चित्र आता खालून होतं. टेबलाची खालची बाजू दिसत होती. आणि खुर्चीशेजारी बाबा उभे होते. ज्या हातांनी इतका वेळ कॅमेरा धरला होता ते हात पुढे होते, रिकामे. त्यांनी ते पटकन मागे घेतले आणि मान खाली घातली.

चित्र गर्रकन फिरलं. आजी. आजोबा. आत्या. कोणीच वर बघेना. लहान, भराभर श्वास. मग चित्र पळत आईपाशी गेलं आणि तिच्या हनुवटीखाली थांबलं.

"आई?"

आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले.

"आई, इकडे बघ ना."

फीत संपली.

६

आई स्वयंपाकघरात वाट्या पुसत होती. पुसलेल्याच पुन्हा पुसत होती.

"एक नंबर शेवटपर्यंत चालवली मी," धाकटी म्हणाली.

आईच्या हातातली वाटी तशीच राहिली. "सांगितलं होतं ना तुला, कार्यक्रम संपला की..."

"तुम्ही मला आयुष्यभर धाकटी म्हणत आलात. दोघांतली धाकटी ना मी? की तिघांतली?"

"हळू बोल. दादा आहे बाहेर."

"बरंच आहे. ऐकू दे त्याला. इतकी वर्षं ती तुझ्या मागे मागे फिरतेय, आई. घड्या घालताना, वाढताना. एकदाही बघितलं नाहीस?"

आई बोलली, तेही वाटीशीच. "बघितलं असतं तर हात पुढे गेला असता."

"मग जाऊ द्यायचा होता!"

"तेव्हा दादा पोटात होता," आई म्हणाली. "त्याच्या आधी दोन गेली होती, जन्मतःच. आजोबांचं दुखणं हटत नव्हतं. आत्या म्हणाली, असं केलं की घरातलं मरण थांबतं. आणि थांबलं. दादा गच्चीवरून पडला तेव्हा आठवतं तुला? खरचटलंसुद्धा नव्हतं."

"आणि आता?"

आई पुन्हा वाटी पुसायला लागली. उत्तराची गरजही नव्हती. गेल्या दोन वर्षांत बाबांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. आईचा डावा हात लुळा पडत चालला होता. आणि सव्वीस नंबरमधलं ते थरथरणारं, जमिनीकडे ओढलं जाणारं चित्र धाकटीच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. तिनं विचारलं, "पिटुकलीचा पाचवा वाढदिवस इथेच करायचा, हे आत्यानं यासाठीच काढलं ना?"

आईनं वाटी पालथी घातली. "आधी जेवून घे," ती म्हणाली.

धाकटीनं दादाला गाठलं, मागच्या खोलीत ओढत नेलं, कॅसेट लावली. छप्पन्नावं मिनिट आलं. निळा पडदा तसाच राहिला. सत्तावन्न, अठ्ठावन्न, साठ. नुसता निळा. कॉम्प्युटरवर घेतलेल्यातही तेच.

"झोप नीट घेतेस ना?" दादानं तिच्या डोक्यावर टप्पल मारली. पण बाहेर जाताना तिच्याकडे बघायचं टाळलं. शहाण्यासुरत्या, शिकल्यासवरल्या माणसाचं डोकं तिनंही वापरून बघितलं. दमणूक असेल. फीत जुनी, चित्रावर चित्र चढलं असेल. पण मग आई काय बोलली? तिनं तर काहीच सांगायच्या आत आईला सगळं ठाऊक होतं.

७

शनिवारी चार वाजता आत्यानं दादा-वहिनीला केक आणायला पाठवलं. "दोघं जा. एकानं गाडी चालवा, एकानं केक धरा. हिच्याकडे आम्ही आहोत."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत खिडकीत उभी राहून तिनं पडदा ओढला. मग बाहेरच्या खोलीच्या मधोमध एक खुर्ची ठेवली. बाबांनी कॅमेरा खांद्यावर घेतला. आई भिंतीशी जाऊन उभी राहिली, मान खाली.

"आण तिला," आत्या म्हणाली.

पिटुकली नवा फ्रॉक घालून धाकटीच्या कडेवर होती. "मी बसू खुर्चीत?"

"नाही," धाकटी म्हणाली आणि तिचं डोकं आपल्या खांद्यावर दाबून धरलं. "डोळे मीट बघू. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत."

"पाच मिनिटांचं काम आहे," आत्या म्हणाली. "नाटकं करू नकोस."

"पाच मिनिटांचं? तीस वर्षं झाली त्या पाच मिनिटांना."

"तुझा बाप बघ जरा! हा रंग बघ त्याचा. उद्या त्याला काही झालं तर? तुझ्या आईला झालं तर? तेव्हा येशील सांगायला? आम्ही काय सुखासुखी केलं? पोटचं होतं ते."

"पोटचं होतं म्हणून तुम्हाला द्यायचा हक्क होता?"

"चालू झालाय," बाबा कसेबसे म्हणाले. कॅमेऱ्यातून कुर्र आवाज यायला लागला होता. "बसव, बाळा, तिला. माझ्यासाठी."

बाळा. तोच शब्द, तोच सूर. बाबांवर तिचा जीव होता; आजही होता, हेच वाईट होतं. क्षणभर ती खरंच खुर्चीकडे वाकली.

"ठीक आहे," ती म्हणाली. "एक सांगा, मग बसवते. तिचं नाव काय होतं?"

"कोणाचं?" आत्या फिस्कारली.

"तुमच्या भाचीचं. बाबांच्या मुलीचं. माझ्या ताईचं. पाच वर्षं घरात होती ना? हाका मारल्या असतील. काय म्हणून मारल्या?"

आत्यानं तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. तिनं बाबांकडे बघितलं, बाबांनी आईकडे. भिंतीशी आईचे ओठ हलले. शब्द तोंडाशी आल्यासारखे हलले, थांबले, पुन्हा हलले. तिनं लुळा हात दुसऱ्या हातात घट्ट धरला आणि डोळे मिटून पुन्हा प्रयत्न केला. मग डोळे उघडले, आणि आयुष्यात पहिल्यांदा धाकटीनं आपल्या आईला खरोखर घाबरलेलं बघितलं.

"हिला मी तिथे बसवणार नाही," धाकटी म्हणाली. "आज नाही, पुढे नाही, तुम्ही सगळे माझ्यासमोर मेलात तरी नाही."

बंद पडद्याआड नुसती फीत फिरत होती. आणि त्या आवाजाच्या अगदी जवळ, बाबांच्या कमरेच्या उंचीवर, कोणीतरी श्वास रोखून आपल्या नावाची वाट बघत होतं.